साखर कारखान्यांतील नासाडी आणि नद्यांचें पाणी

मानपाड्याच्या आसमंतांत साखरेचा कारखाना नाहीं. मग आम्हीं हा विषय कां घ्यावा, असें कोणी विचारील. शेजारच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २०२० सालीं रस्ता गुलाबी झालेला ज्यांनीं पाहिला, त्यांस कारखान्याची घाण दाराशीं येणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. शिवाय देशावरील ऊंसकरी बांधव आपलेच आहेत.

कारखान्याची घाण आणि शेतकऱ्याचें नुकसान ह्या दोन गोष्टी नसून बहुतांशीं एकच आहेत, असें आमचें मत आहे. एक टन उंसांत सुमारें ७०० किलो पाणीच असतें. रस आटवितांना त्याची वाफ होते. ती थंडावून पुन्हा वापरली, तर नदींतून पाणी उपसण्याचें फारसें कारण उरत नाहीं. तरीही गढूळ, गरम पाणी ओढ्यांत सोडलें जातें, तेव्हां पाणी, उष्णता आणि गळून गेलेली साखर अशा तिन्ही वस्तू आपण फेकून देतों. त्या पाण्यानें मासे मरतात, त्यास विषच लागतें असें नाहीं. ही साखर कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकते, तेवढें पुरतें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें टनामागें शुद्ध केलेल्या सांडपाण्यास १०० लिटर व थंडावणीच्या पाण्यास १०० लिटर अशी मर्यादा घातली आहे. मर्यादा कागदावर चोख आहे.

चिपाडाचेंही तसेंच. टनामागें पाऊणतीनशें ते तीनशें किलो चिपाड निघतें आणि त्यांत निम्मा ओलावा असतो. जुने २१ किलो दाबाचे बॉयलर तें सारें जाळून कारखान्यापुरती वाफ देतात आणि धुराड्यांतून काजळी गांवावर पाडतात. ८७ वा ११० किलो दाबाचे बॉयलर त्याच चिपाडांतून विकण्याजोगी वीजही काढतात. खर्च मोठा आहे खरा, परंतु न करण्याचाही खर्च शेतकरीच सोसतो.

हिशेब पाहा. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा ०.१ टक्का वाढला, तर १५० दिवसांत ७,५०० क्विंटल साखर अधिक निघते. २०२५-२६ च्या हंगामाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये असून, त्यापुढील दर ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये अधिक मिळतात. म्हणजे ह्याच उंसावर सुमारें २ कोटि ६० लाख रुपये. अर्थात् तोडलेला ऊंस दोन दोन दिवस उन्हांत पडूं देणारेही आपल्यांत आहेत, आणि ती घट कोणताही बॉयलर भरून काढीत नाहीं.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं शेतकऱ्यांनींच उभा केला. अशा कारखान्याच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत दराइतक्याच आग्रहानें टनामागें किती वाफ लागली, चिपाडांत किती साखर राहिली आणि किती लिटर पाणी बाहेर गेलें, हें विचारून घ्यावें. खाजगी कारखान्यांत ती सोय नाहीं. तेथें नदीकांठच्या गांवांनीं ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाचें दार ठोठवावें, आणि तेंही गळीत सुरू होण्यापूर्वीं.