घामावरून भीती ओळखायची?

परवा प्रेपमध्ये वाद रंगला. पुढे मनगटावर डोपामाइन मोजणारी पट्टी बांधली की कोण घाबरलाय ते कळेल, मग एसएसबीत मुलाखती कशाला? मला हे पटत नाही.

सेन्सर खरा आहे. त्यात पेडॉट-पीएसएस या वीजवाहक प्लास्टिकचा ट्रान्झिस्टर असतो. गेटवर डोपामाइनचे ऑक्सिडीकरण झाले की द्रवातले आयन प्लास्टिकमध्ये शिरतात आणि त्यातून वाहणारा प्रवाह घटतो. इवलासा संकेत तिथल्या तिथे मोठा होतो, ही त्याची करामत. पण जवळपास तेवढ्याच व्होल्टेजला क जीवनसत्त्वाचेही ऑक्सिडीकरण होते. ते वगळायला गेटवर खास लेप द्यावा लागतो.

लेपाचे जमेल. मुख्य अडचण शरीराचीच आहे. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा डोपामाइन ओलांडत नाही. म्हणून तर पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइन न देता लेव्होडोपा देतात. मग घामातल्या आकड्यावरून मेंदूतले काय सांगणार? आजार समजून घ्यायला हे सेन्सर जरूर वापरा, निवडीला नको.

तलावाच्या उंच फळीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. तरी उडी मारली. हातात पट्टी असती, तर उस्तादांनी मला आधीच खाली उतरवले असते.