दूरचा पडदा
लिनक्सच्या लॅपटॉपवरून ऑफिसातलं विंडोज उघडायला रेमिना हे ॲप पुरतं. मात्र पलीकडे विंडोजची होम आवृत्ती असेल, तर मायक्रोसॉफ्टचं दूरचा पडदा दाखवणारं आरडीपी दारातूनच परत पाठवतं, प्रो लागते. मला व्हीएनसी जास्त आवडतं. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जन्मलेलं हे तंत्र खिडक्या, बटणं, मेनू यातलं काही जाणत नाही. पडद्याचा जो चौकोन बदलला त्याचे ठिपके तेवढे धाडतं, उलट दिशेने कळा आणि माउसच्या हालचाली येतात. म्हणून समोर मॅक आहे की विंडोज, याचं त्याला सोयरसुतक नाही. (कनेक्शन मंद असेल तर रडतं, ते वेगळं.) पण त्याचा मूळ पासवर्ड पहिली ८ अक्षरंच बघतो, पुढची चक्क सोडून देतो! तेव्हा त्याचं ५९०० क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. एसएसएचच्या बोगद्यातून जा.