डावावरून उठायचं कधी?

आखाजी म्हटली की आम्हा खान्देशच्या लेकीबाळींना माहेर आठवतं. निंबाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, घागर भरण्याची गडबड, पुरणपोळी आणि आमरस! माझं सासर धुळ्याचं, माहेर जळगाव जिल्ह्यातलं. पण मैत्रिणींनो, आपण झोक्यावर असतो तेव्हा गावातले पुरुष कुठे असतात? पारावर, खळ्यात, मळ्यात, पत्त्यांच्या डावावर. कुठे तीन पत्ती, कुठे झन्नामन्ना. 'सणाचा दिवस, खेळू दे' म्हणत घरातल्या मोठ्या बायकाही गप्प बसतात.

मीही गप्प बसणाऱ्यांतलीच. काही वर्षांपूर्वी आखाजीच्या रात्री बचत गटातली एक मैत्रीण धावत माझ्याकडे आली. नवरा डावावरून उठून घरी आला होता, पण जेवायला नाही. तिच्या गळ्यातली पोत मागायला. "वीस हजार गेले, एका बैठकीत काढून आणतो" म्हणत होता. तिने विचारलं, "ताई, देऊ का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सणाचं भांडण नको वाढवूस." तिने दिली. पहाटे नवरा परतला, पोत परतली नाही. ते माझं वाक्य मला आजही टोचतं.

आपल्याकडे आखाजी म्हणजे नुसता सण नाही. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. रब्बीचा पैसा हातात आलेला असतो आणि खरिपाचं बियाणं, खत समोर असतं. म्हणजे डावावर पडणारी नोट ही वरकड कमाई नसते. ती कुणाची तरी पेरणी असते, कुणाच्या तरी लेकराची फी असते.

मग शहाणी माणसं उठत का नाहीत? मी एका जुन्या खेळणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "पॅक करणं सगळ्यात अवघड. दोन हजार टाकून झाले की वाटतं, आता कसं सोडू?" इथेच गोम आहे. टाकलेले दोन हजार आता आपले राहिलेलेच नसतात, ते डावाचे झाले. प्रश्न एवढाच, की हातातल्या या पत्त्यांवर पुढचे शंभर टाकावेत का? पण हरलेला माणूस पत्ते पाहत नाही, गेलेले पैसे पाहतो.

जरा हिशेब करून बघा. बावन्न पानांतून तीन पत्त्यांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यातले 16,440 हात असे, की साधी जोडीसुद्धा लागत नाही. म्हणजे शंभरातले 74 वेळा हातात काहीच नाही! तीन सारखे पत्ते येतात ते 425 डावांत सरासरी एकदा. म्हणजे बहुतेक वेळा पत्ते टाकून देणं हाच शहाणपणाचा निर्णय. अड्ड्यावर तर डाव चालवणाराही आपला वाटा काढून घेतो. रात्रभरात नक्की कमावणारा तेवढा तोच.

परदेशात पोकर खेळून पोट भरणारेही सांगतात, की घरखर्चाचा पैसा टेबलावर आणू नये आणि किती हरल्यावर उठायचं ते बसण्याआधीच ठरवावं. ज्यांचा तो धंदा आहे त्यांना हे कळतं, मग आपल्याला का कळू नये? रात्री बारा वाजता, हरलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय कधी बरोबर येत नाही.

एक अवघड निर्णय आपलाही आहे, बरं का. 'नाही' म्हणण्याचा. धर्मराजाने आधी स्वतःला पणाला लावलं, मग द्रौपदीला. तिने भर सभेत विचारलं, की आधी स्वतः हरलेल्याला मला पणाला लावण्याचा हक्क उरतो का? आपल्या दागिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नाही, त्यावर हक्क पत्नीचाच. 1872 च्या करार कायद्यानुसार पैजेत जिंकलेला पैसा कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. तेव्हा दारात येऊन दमदाटी करणाऱ्याला घाबरून पोत सोडू नका. आणि 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात आखाजीला सूट दिलेली नाही, हेही घरात एकदा सांगून ठेवा. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर 2025 मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. मळ्यातल्या डावावर लक्ष मात्र आपल्यालाच ठेवावं लागेल.

आमच्या गटातल्या बायकांनी आता एक रीत पाडली आहे. आखाजीच्या आधीच बियाण्याचा, फीचा पैसा बाजूला काढायचा, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवायचे आणि नवऱ्याला शांतपणे सांगायचं, "घरातून दुसऱ्यांदा पैसे मिळणार नाहीत." सगळ्यांना जमतं असं नाही. कुणी बोलणी खाते, कुणी त्याहून जास्त सोसते. अशा बाईला एकटं पडू द्यायचं नाही, हे आपलं काम.

माझी आजी डावावर बसलेल्या आजोबांना नातवंडांकरवी निरोप धाडायची, "गयं ते गयं, आते घर चला." ते उठायचे, कारण दुसऱ्यांदा मागायला आले तर आजी कडी काढणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा कुणी रात्री दारात येऊन विचारलं, "ताई, देऊ का?" तर माझं उत्तर आता तयार आहे.