कपाटातले पक्षी भंगारात काढू नका

कॉलेजचं मूल्यांकन करायला नॅकची समिती यायची म्हटलं की प्राणिशास्त्र विभागातलं एक जुनं कपाट सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागतं. आत डांबरगोळ्यांचा वास आणि भुसा भरलेले, पिसं विस्कटलेले पक्षी. निर्लेखनाच्या कागदावर सह्या होतात, डेडस्टॉक रजिस्टरात एक ओळ खोडली जाते आणि पक्षी कचरागाडीत जातात. राज्यातल्या जुन्या कॉलेजांत अशी कपाटं अजून शिल्लक आहेत. ती वाचवायची तर आताच हातपाय हलवायला हवेत.

कशाला, असं विचारणाऱ्याला रानपिंगळ्याची हकिगत सांगावी. आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात ब्लेविटने मिळवलेल्या एका पक्ष्यावरून ॲलन ह्यूमने 1873 साली ही जात जगापुढे मांडली. पुढे आपल्या खान्देशात जेम्स डेव्हिडसनने आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र पक्षी गायब! अपवाद एकच: गुजरातेत मांडवीजवळ 1914 साली आपण एक मारला, असा कर्नल माइनर्टझहागेनचा दावा. लेबलही तसंच होतं. पण पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना निरखून पाहिला, तेव्हा कातडं एकदा उसवून पुन्हा भरल्याचं दिसलं. आतली मूळची ठेवण थेट डेव्हिडसनच्या हातची होती. कर्नल महाशयांनी संग्रहालयातलाच पक्षी चोरून त्याला नवं लेबल बांधलं होतं! मांडवीचा पत्ता बाद झाला. शोध जुन्या, खऱ्या लेबलांवरच्या ठिकाणांकडे वळला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके याच्या डोक्यावर नसतात, चोच आणि पंजे दणकट असतात. हे बारकावेही जुन्या कातड्यांवरूनच ठाऊक होते.

मुंबईचंच उदाहरण घ्या. पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलअलींनी 1966 साली ग्रेट निकोबारवरून एक घुबड इथल्या संग्रहात आणलं. त्याची जात वेगळी असल्याचं जाहीर झालं 1998 साली. मधली बत्तीस वर्षं कुणी ते ‘जागा अडवतं’ म्हणून फेकलं असतं तर? संग्रहातल्या जुन्या अंड्यांचंही तसंच. डीडीटी हे कीटकनाशक आल्यावर बहिरी ससाण्याच्या अंड्यांचं कवच पातळ झालं, हे ब्रिटनमध्ये 1967 साली सिद्ध झालं ते आधीच्या काळातली अंडी कुणीतरी जपून ठेवली होती म्हणूनच. ती गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलं नव्हतं.

आणि गमावणं किती सोपं असतं! दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 च्या रात्री आगीत गेलं. कॉलेजातल्या कपाटाला आगही लागत नाही, वाळवी पुरते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या कॉलेजात जा आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. जुनी कातडी टिकवायला आर्सेनिक चोळत असत. आधी पायाला बांधलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, जे असेल ते सगळं टिपून घ्या. स्टँड रंगवताना चिठ्ठी काढून टाकणारे महाभाग असतात, त्यांना आवरा. चिठ्ठी गेलेला पक्षी शोभेचा उरतो, पुराव्याचा नाही.

प्राचार्यांना एकच विनंती: निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राला एक पत्र टाका. त्यातले बरेच पक्षी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात, तेव्हा वनखात्यालाही विचारा. आणि दानशूरांनो, स्नेहसंमेलनाच्या मांडवाला देणगी देता तशी यंदा एका हवाबंद कपाटालाही द्या. त्यावर तुमचं नाव खुशाल रंगवा, पक्ष्यांची काही हरकत नाही.