काठिण्याचे सोवळे

१

कृतिप्रधान व्हिडिओ गेममध्ये एखाद्या टप्प्याच्या अखेरीस खेळाडूची वाट अडवून जो बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा असतो, त्याला ‘बॉस’ ही संज्ञा रूढ झाली आहे. या बॉसशी होणारी झुंज किती अवघड असावी, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्याभोवती एक कडवा वाद उभा आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेचा ‘सेकिरो’ हा खेळ २०१९ साली आला तेव्हा त्यात सोपा पर्याय का नाही, यावर रण माजले. ‘एल्डन रिंग’ (२०२२) आणि त्याला २०२४ साली जोडलेला ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा भाग यांच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा त्याच शब्दांत झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की, काठिण्य हाच या खेळांचा प्राण आहे आणि ज्याला ते पेलत नाही त्याने दुसरीकडे जावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, काठिण्य हे केवळ कवच आहे. ते काढून टाकले तर आतील कथा आणि सृष्टी सर्वांना उपलब्ध होईल.

हे दोन्ही पक्ष परस्परांचे वैरी असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. काठिण्य ही कमीजास्त करता येण्याजोगी राशी आहे, असे दोघेही मानतात. ‘काठिण्यपातळी’ हा शब्द मराठीत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी वापरला जातो आणि या वादातही तो त्याच अर्थाने वावरतो. प्रश्नपत्रिका अवघड काढावी की सोपी, एवढ्यापुरतीच मग चर्चा उरते. प्रश्न कशाविषयी विचारला आहे, याकडे कोणी पाहत नाही.

मराठी समीक्षेला हा प्रकार नवा नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्यानंतर दुर्बोधतेचा जो वाद माजला, त्यातही एका बाजूला ‘दुर्बोध म्हणून त्याज्य’ असे म्हणणारे होते आणि पुढे ‘दुर्बोध म्हणून श्रेष्ठ’ असे मानणारेही निपजले. दुर्बोधता हा कवितेच्या रचनेचा आणि वाचकाच्या पूर्वसंस्कारांचा परस्परसंबंध आहे, हे उमगेपर्यंत त्या वादातून काही हाती लागले नाही. बॉसच्या काठिण्याची चर्चा आज नेमकी त्याच ठिकाणी अडकून पडली आहे.

२

बॉसशी होणारी झुंज ही मूलतः वाचनाची क्रिया आहे. १९८७ साली निन्टेन्डोने घरगुती संचासाठी काढलेल्या ‘पंच-आउट’ या मुष्टियुद्धाच्या खेळात हे तत्त्व अगदी उघडे दिसते. समोरचा मुष्टियोद्धा ठोसा मारण्यापूर्वी काही खूण करतो. कधी खांदा मागे जातो, कधी डोळे चमकतात. खूण ओळखणारा वाचतो. न ओळखणारा कोसळतो, पुन्हा उठतो आणि पुन्हा पाहतो. प्रत्येक पराभव म्हणजे एक अपुरे वाचन आणि प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे पुनर्वाचन. ‘सेकिरो’मध्ये हीच चिन्हव्यवस्था अधिक सूक्ष्म झाली आहे. तेथे प्रतिस्पर्धी साध्या रीतीने अडवता न येणारा वार करणार असला की पडद्यावर धोक्याचे एक तांबडे अक्षर उमटते. मात्र येणारा वार भोसकण्याचा आहे, पायाखालून फिरणारा आहे की पकडीचा आहे, हे ते अक्षर सांगत नाही. ते प्रतिस्पर्ध्याच्या देहावरूनच वाचावे लागते. प्रत्येक वाराचे उत्तर वेगळे असते आणि विचाराला अवधी क्षणाचा असतो.

काठिण्य हे असे वाचनाच्या वाटेने अर्थापर्यंत जाते. म्हणूनच अधिक अवघड ते अधिक चांगले, हे समीकरण टिकत नाही. ‘डार्क सोल्स’ (२०११) मधील सिफ या महाकाय लांडग्याचे उदाहरण घ्यावे. आपल्या दिवंगत धन्याच्या समाधीची राखण करणारा हा लांडगा आरंभी भयंकर वाटतो. परंतु झुंजीच्या अखेरीस, शक्ती संपत आल्यावर, तो लंगडू लागतो. त्याचे वार चुकतात आणि तो स्वतःच तोल जाऊन पडतो. येथे काठिण्य ओसरते आणि त्या ओसरण्यातच अर्थ प्रकटतो. आता जिंकणे सोपे आहे आणि म्हणूनच शेवटचा वार करणे जड जाते. याच खेळाचा अंतिम बॉस ग्विन हा एकेकाळचा देवाधिराज. त्याच्याशी होणाऱ्या झुंजीत रणवाद्यांचा गजर नाही, एकाकी पियानो आहे. त्याचे वार परतवण्याचे तंत्र ज्याला साधले आहे, त्याच्यापुढे हा राजा फार काळ टिकत नाही. अखेरचा बॉस सर्वांत अवघड असावा, हा संकेत येथे जाणीवपूर्वक मोडला आहे, कारण समोर उरले आहे ते सामर्थ्याचे भस्म.

याउलट ‘अंडरटेल’ (२०१५) मध्ये काठिण्यच नैतिक निवाडा करते. खेळाडूने वाटेत भेटेल त्याला ठार मारण्याचा मार्ग पत्करला तरच सॅन्स हे पात्र त्याच्याशी लढायला उभे राहते. ते पहिला वार स्वतः करते, खेळाचे नियम मोडते, खेळाडूचे वार चुकवत राहते. झुंजीचा हा जाच म्हणजे खेळाडूच्या क्रौर्याला संहितेने दिलेले उत्तर होय. दयेचा मार्ग घेणाऱ्याच्या वाट्याला ही झुंज येतच नाही. एका ठिकाणी काठिण्य घटते, दुसऱ्या ठिकाणी वाढते आणि दोन्ही ठिकाणी ते बोलते. ते काय बोलते हे ऐकण्याऐवजी केवळ त्याचे माप घेणाऱ्यांना समीक्षक म्हणणे कठीण आहे.

३

पहिल्या पक्षाला, म्हणजे काठिण्याचे सोवळे नेसलेल्यांना, आपली भूमिका निर्मात्याच्या हेतूवर उभी करावयाची असते. ‘सेकिरो’च्या वेळी दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सर्व खेळाडू एकाच पातळीवर यावेत आणि त्यांना परस्परांशी समान भूमीवरून बोलता यावे, अशा आशयाची भूमिका मांडली होती. ती विचारार्ह आहे. सर्वांनी एकच संहिता वाचावी, ही अपेक्षा मुळीच गैर नाही. परंतु संहिता एक असणे म्हणजे वाचनाची परिस्थिती एक असणे नव्हे. ठळक टाइपातले पुस्तक वाचणारा वेगळी कादंबरी वाचत नसतो.

शिवाय हा हेतू सोवळेकरी समजतात तेवढा अचल नाही. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’चा अंतिम बॉस अतिशय प्रखर असल्याची ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ च्या सुधारणेत खुद्द निर्मात्यांनीच त्याची धार कमी केली. ‘एल्डन रिंग’मध्ये मदतीला आत्मे बोलावण्याची सोय निर्मात्यांनीच मूळ रचनेत ठेवली आहे, तरीही ती वापरणाऱ्याचा विजय खरा नव्हे, असे सांगणारे स्वयंघोषित धर्ममार्तंड आहेतच. म्हणजे निर्मात्याने दिलेले दारही यांना बंद करावयाचे आहे. त्यांना हेतूची चाड नसून पंक्तिभेदाची आहे.

इतिहासही त्यांच्या बाजूने नाही. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या काळात काठिण्यामागे रोकडा हिशेब होता. खेळाडू लवकर मेला की दुसरे नाणे पडे. त्या काळातील काठिण्याला निखळ कलात्मक तत्त्व म्हणून पूजणे म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्याला देव्हारा समजणे होय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण या पक्षाच्या तोंडी शोभेल. मात्र घावांमागे मूर्तीची कल्पना असेल तरच देवपण येते. ती नसेल तर त्याच घावांनी दगडाची खडी होते.

या पक्षाचे अधिक गंभीर स्खलन अधिकाराच्या कल्पनेत आहे. संस्कृत काव्यशास्त्राने सहृदय रसिकाची अट घातली, हे खरे. अभिनवगुप्ताचा सहृदय हा काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन निर्मळ झाले आहे, असा रसिक आहे. परिशीलन आणि तन्मयता ही त्याची लक्षणे होत. बोटांची चपळाई किंवा ऐकण्याची तीक्ष्णता हा सहृदयतेचा निकष कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही. जॉर्ज स्टायनर यांनी काठिण्यावरील निबंधात (१९७८) काव्यातील काठिण्याचे चार प्रकार मानले. त्यांतील एक केवळ आगंतुक असतो, म्हणजे शब्दकोश उघडला की सुटतो. तर दुसरा कवीने हेतुपुरस्सर योजलेला असतो. बॉसच्या झुंजीतही हा भेद करावयास हवा. लाल आणि हिरवा रंग न ओळखणाऱ्याला खूण न दिसणे, बहिऱ्या खेळाडूला वाराचा इशारा ऐकू न येणे, आखडलेल्या बोटांना वेगाने कळ दाबता न येणे, हे सर्व आगंतुक काठिण्य आहे. ते दूर केल्याने संहितेचे एक अक्षरही गळत नाही.

४

तथापि दुसऱ्या, सुलभतावादी पक्षाचे म्हणणे यामुळे सिद्ध होते असे नव्हे. या पक्षाच्या मनात आशय आणि अभिव्यक्ती यांचे जुने द्वैत घर करून आहे. कथा म्हणजे गर, झुंज म्हणजे साल. साल सोलून गर द्यावा, एवढीच त्याची मागणी असते. सिफच्या उदाहरणावरून या मागणीतील दोष दिसेल. प्रतिस्पर्ध्याची शक्ती इतकी घटवली की चार वारांत तो संपावा, तर तो लंगडण्यापूर्वीच मरेल. खेळाडूला कथेतील ‘लांडगा मारला गेला’ ही माहिती मिळेल, परंतु लांडगा मारताना हात का अडखळावा, हे कळणार नाही. खेळ सोपा झाला असे येथे म्हणता येत नाही. त्याचा संक्षेप झाला.

अनुवाद आणि संक्षेप यांतील फरक साहित्याच्या अभ्यासकाला समजावून सांगावा लागू नये. अनुवादात प्रत्येक वाक्य नव्या वाचकापर्यंत पोचवण्याची धडपड असते. संक्षेपात वाक्येच गाळली जातात. ‘सेलेस्ट’ (२०१८) या खेळातील साहाय्यक व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात खेळाचा वेगच कमी करता येतो. नायिकेला स्वतःच्याच प्रतिरूपाशी, बॅडलिनशी, करावी लागणारी झुंज कमी वेगातही संपूर्ण राहते. प्रत्येक हल्ला होतो, प्रत्येक खूण दिसते आणि अखेरीस त्या प्रतिरूपाला ठार न मारता त्याच्याशी समेट करावा लागतो. वाक्य तेच, फक्त वाचण्यास अवधी अधिक. त्याच व्यवस्थेत नायिकेला अवध्य करण्याचीही सोय आहे. तीत मात्र खुणांकडे लक्ष देण्याची गरजच उरत नाही आणि झुंजीचा मोठा अंश न वाचताच ओलांडता येतो. ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याच्यासाठी तीही असावी; पण या दोन सोयींना एकाच ‘सोप्या पर्याया’च्या पोत्यात कोंबणे म्हणजे अनुवाद आणि गाईड यांना एकाच फळीवर ठेवणे होय.

५

या दोन्ही पक्षांच्या गोंगाटात एक प्रश्न विचारला गेलेला नाही. काठिण्य स्वतःच निरर्थक केव्हा होते? श्क्लोव्हस्कीने १९१७ साली अपरिचितीकरणाचा सिद्धान्त मांडताना, सवयीने बोथट झालेल्या जाणिवेला कला अवघड रूपाच्या साह्याने पुन्हा जागे करते, असे प्रतिपादन केले. ‘एल्डन रिंग’च्या आरंभीच भेटणारा मार्गिट वार उगारून तो मध्येच रोखून धरतो. पूर्वीच्या खेळांनी सवय लावलेल्या तालावर विसंबणारा खेळाडू आधीच बाजूला होतो आणि फसतो. हे अस्सल अपरिचितीकरण आहे. परंतु पुढे एकामागून एक प्रतिस्पर्धी तेच करू लागतात, तेव्हा रोखलेला वार हाच नवा संकेत बनतो. मग संकेताला बगल देण्यासाठी वार अधिक लांबतात, त्यांच्या मालिका वाढतात. संहिता मग सृष्टीविषयी बोलणे सोडून आपल्या जुन्या वाचकांच्या सवयींशीच झोंबू लागते. नवकवितेनंतर आलेल्या अनुकरणकारांनी दुर्बोधतेची जशी वेलबुट्टी केली, तसेच हे होय. सिफचे लंगडणे एका लांडग्याविषयी काही सांगते. विसाव्यांदा रोखलेला वार फक्त निर्मात्याच्या चतुराईविषयी सांगतो.

हा दोष सोवळेकऱ्यांना दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी प्रत्येक काठिण्य पवित्र आहे. सुलभतावाद्यांनाही दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी प्रत्येक काठिण्य सारखेच टाकाऊ आहे. परिणामी निर्मात्यांना खऱ्या समीक्षेचा धाक उरत नाही. एका बाजूने जयघोष आणि दुसऱ्या बाजूने तक्रार एवढेच त्यांच्या कानी पडते आणि ते आकडे किंचित खालीवर करून दोघांचीही समजूत काढतात. २०२४ सालची सुधारणा हे या समजुतीचेच उदाहरण आहे.

तेव्हा बॉसच्या झुंजीचे मूल्यमापन करावयाचे तर ‘ती किती अवघड आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवणे क्रमप्राप्त आहे. ती खेळाडूकडून काय वाचवून घेते, हरलेल्याला आपण का हरलो हे संहितेतूनच कळू शकते काय, आणि तिच्यातील अडथळ्यांपैकी कोणते अर्थाचे आहेत व कोणते केवळ देहाच्या मर्यादांचे, हे प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे प्रत्येक खेळागणिक, किंबहुना प्रत्येक झुंजीगणिक निराळी येतील आणि ती देण्यासाठी संहितेजवळ बसावे लागेल. ते श्रम टाळून काठिण्याचा झेंडा खांद्यावर घेणे किंवा तो उतरवण्याची मागणी करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या आहेत.