मेनू कोणी मांडावा?

पक्षाच्या तालुका कचेऱ्यांतूनही आता संगणक आले आहेत. सभासदनोंदणी, वर्गणीचा हिशेब, निवेदने, पत्रके ही सारी कामे त्यावरच होतात. परंतु संगणक सुरू केल्यावर ज्या मुख्य मेनूतून प्रत्येक कामाची वाट फुटते, तो मेनू कोणी मांडला आणि कोणाच्या सोयीने मांडला, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो. तो तांत्रिक प्रश्न आहे, तेव्हा तो कचेरीतल्या एखाद्या तरुण मुलावर सोपवावा, अशी आपली समजूत असते. माझ्या मते तो आधी अर्थकारणाचा प्रश्न आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ ही प्रणाली बाजारात आणली आणि तिच्याबरोबर 'स्टार्ट' हे बटण व त्यामागचा मेनू घरोघर पोचला. सामान्य माणसाची त्यामुळे मोठी सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दर्शनी फळीवर मांडलेला माल आधी खपतो, हे गल्लीतला वाणीदेखील जाणतो. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांना मायक्रोसॉफ्टने जे परवाने दिले, त्यांत पडद्यावरील चिन्हे आणि स्टार्ट मेनूतील नोंदी काढून टाकण्यास मनाई होती. नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ न देण्याचा तो एक मार्ग होता. अमेरिकन सरकारने १९९८ साली मक्तेदारीविरोधी खटला भरला, तेव्हा ही अट चव्हाट्यावर आली आणि जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. (कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश मात्र त्याच निकालाने रद्द झाला. भांडवलशाहीतील न्याय बहुधा इथवरच पोचतो.) मेनूतली एक ओळ राहावी की जावी, यासाठी एवढी मोठी कंपनी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडते, यावरून त्या ओळीचे मोल ध्यानात यावे.

जे आयते मांडून दिले जाते ते बहुसंख्य माणसे तसेच ठेवतात, हे अर्थशास्त्रात आता सिद्ध झाले आहे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ साली एका अमेरिकन कंपनीतील निवृत्तिवेतन योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामगारांना आपोआप सभासद करून घेण्याचा नियम होताच सभासदांचे प्रमाण एकदम वाढले. इतकेच नव्हे, तर वर्गणीचा दर आणि गुंतवणुकीचा प्रकारही पुष्कळांनी कंपनीने ठरविलेलाच राहू दिला. तिथे या सवयीने कामगारांची बचत तरी झाली. मेनूच्या बाबतीत तिचा लाभ कोणाला होतो? २०१२ साली विंडोज ८ मधून हा मेनूच काढून टाकण्यात आला. लोकांनी बराच ओरडा केला, तेव्हा २०१५ साली विंडोज १० मध्ये तो परत आला. एप्रिल २०२४ पासून विंडोज ११ च्या मेनूतील 'शिफारशी'च्या भागात जाहिराती दिसू लागल्या. प्रणालीची किंमत ग्राहकाने मोजायची आणि तिच्या पहिल्या पानावरची जागा कंपनीने विकायची, असा हा व्यवहार आहे.

वस्तुतः हे बदलणे अवघड नाही. विंडोज ११ मध्ये नको असलेल्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबली की ते मेनूवरून उतरविण्याचा पर्याय मिळतो. सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन' आणि त्यात 'स्टार्ट' हा विभाग आहे, तेथे शिफारशी व जाहिराती बंद करता येतात. मेनूवरून चिन्ह उतरविल्याने कार्यक्रम पुसला जात नाही, तो संगणकात असतोच. ही धास्ती मी अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्यांत पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

याहून पुढे जायचे तर लिनक्सकडे वळावे लागेल, आणि तशी वेळही आली आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षादुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आपल्याकडच्या देणगीदाखल आलेल्या जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. ती यंत्रे भंगारात घालण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट घालता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. त्यातील मेनूचा संपादक उघडला की नको त्या नोंदीची खूण काढावी, नावे बदलावीत, 'सभासदनोंदणी' नावाचा नवा विभाग करावा. लिनक्समध्ये मेनूतील प्रत्येक नोंद म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी फाइल असते. तिच्यात नावाची एक ओळ असते आणि त्याच नावाची मराठी ओळ शेजारी लिहिण्याची सोय मुळातच ठेवलेली आहे. प्रणालीची भाषा मराठी केली की ती ओळ मेनूत दिसते. डॉ. लोहियांचा वारसा सांगत इंग्रजीच्या वर्चस्वावर भाषणे करणाऱ्या आपल्या कचेऱ्यांत आजवर किती जणांनी ही एक ओळ लिहून पाहिली?

बेरोजगारी आणि शेतमालाचे भाव पुढ्यात असताना हे काय काढले, असे काही सहकारी म्हणतील. सभासदांची यादी एकाच मुलाला उघडता येते, तो परीक्षेला गावी गेला की महिनाभर नोंदणी थांबते, ही गोष्ट पक्षाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे काय? केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुक्त प्रणाली वापरात आहे आणि तेथील शिक्षक काही संगणकाचे अभियंते नव्हेत.

माझी सूचना लहान आहे. येत्या अभ्यासवर्गात एक तास यासाठी ठेवावा. शिकविणाऱ्या तरुणाने माउसला हात लावू नये, फक्त तोंडाने सांगावे. शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने तीन नोंदी उतरवाव्यात, दोन चढवाव्यात आणि एकीला मराठी नाव द्यावे. कचेरीतल्या सामायिक संगणकावर मेनूत काय असावे, हे मात्र कोणा एकाने न ठरविता शाखेच्या बैठकीत ठरवावे आणि इतिवृत्तात नोंदवावे.