भिंतीवरचे कॅलेंडर आणि ग्रामसभेची तारीख

गेल्या पावसाळ्यात सत्तरी उलटलेल्या एका आजोबांना खाटेवर घालून माझ्या दवाखान्यात आणले. पहाटे लघवीसाठी ते घराबाहेर पडले होते. गल्लीतील खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद होता. नालीवरच्या फुटक्या फरशीवर पाय पडला आणि खुब्याचे हाड मोडले. वेदनाशामक औषध देऊन, पाय बांधून त्यांना पुढे पाठवण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते. मुलाला विचारले, “दिव्याचं ग्रामसभेत कुणी सांगितलं नाही का?” तो म्हणाला, “सभा झाली म्हणं डॉक्टरसाहेब, मागच्या आठवड्यात. आम्हाला कळलंच नाही.”

‘कळलंच नाही’ हे वाक्य मी फेरतपासणी चुकलेल्या रुग्णांकडूनही ऐकतो. दोन्ही चुकांवरचा उपाय बहुतेक घरांत भिंतीला टांगलेलाच असतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हापासून मराठी घराने कॅलेंडरवर एकादशी, संकष्टी पाहिली, दुधाचा हिशेब लिहिला, गॅसची टाकी लावल्याची खूण केली. त्याच चौकटीत ग्रामसभा मात्र क्वचितच लिहिलेली दिसते.

आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा. त्या कधी काही दिवस पुढे सरकतात; म्हणून या चार तारखांना लाल खूण करा आणि प्रत्येकीच्या दहा दिवस आधी ‘नोटीस पाहणे’ असे लिहून ठेवा. सभेची सूचना साधारण सात दिवस आधी लागते. दवंडीवर विसंबू नका, कारण ऐकू कमी येणाऱ्यांपर्यंत ती पोहोचतच नाही. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते; तिथे जायला कुणाचे आमंत्रण लागत नाही.

तेलगावच्या पंचक्रोशीत या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केजच्या कितीतरी गावांतून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. आमच्या गावच्या कारखान्याचे भोंगे ऐकत मागे राहतात ते आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडे. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेला गावात हजर असते ती म्हातारी पिढीच. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही; मग मूठभर माणसे निर्णय घेतात. तेव्हा ‘आम्हा म्हाताऱ्यांचं तिथं काय काम’ हे म्हणणे मला पटत नाही.

आता वैद्य म्हणून थोडे. लघवीची गोळी चालू असलेले कित्येक रुग्ण सभेच्या दिवशी ती परस्पर बुडवतात. तसे करू नये. त्या दिवसापुरती वेळ मागेपुढे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मधुमेहींनी सभा लांबेल असे गृहीत धरून वेळेवर खावे, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. बराच वेळ बसून बोलायला एकदम उठल्यास चक्कर येते; आधी घोटे हलवावेत, काठी किंवा खुर्ची धरावी. १ मे रोजी आपल्याकडे उन्हाचा तडाखा असतो. पाण्याची बाटली आणि डोक्यावर पंचा हवाच. ऐकू कमी येत असेल तर पुढच्या रांगेत बसा. सामाजिक एकाकीपणा आणि दुर्लक्षित बहिरेपण या दोहोंचा ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत समावेश केला आहे. चार माणसांत जाऊन बसणे हा औषधाचा पर्याय नव्हे, पण ते मी आनंदाने लिहून देईन.

घरी सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. कॅलेंडर मोठ्या चौकटींचे घ्या आणि खिळा वडीलधाऱ्यांच्या नजरेच्या उंचीवर ठोका. मोतीबिंदूच्या डोळ्यांना वर पाहून बारीक अक्षर दिसत नाही. तारीख तुम्ही लिहू नका, त्यांच्या हाताने लिहू द्या. विसराळूपणा असेल तर रोज रात्री झोपण्यापूर्वी गेलेला दिवस खोडायला सांगा. अंगठा करणाऱ्या आजींसाठी खूणही चालते: सभेला चौकोन, दवाखान्याला फुली. आणि हो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा असते. सुनेसोबत सासूनेही जावे. तिथे बोलणे पुष्कळजणींना सोपे जाते.

मागणी तोंडी राहू देऊ नका. नोटीस लागण्याआधीच लेखी अर्ज ग्रामसेवकांकडे (आता या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) द्या, पोच घ्या आणि ती पोच कॅलेंडरलाच टाचून ठेवा. दिवा, नाली, उपकेंद्राच्या पायऱ्यांना कठडा, अशी कामे लहान असतात. न मागता ती सहसा होत नाहीत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखायची असते, हेही विचारता येते.

माझ्याकडे रक्तदाब तपासायला येणाऱ्या एक आजी आहेत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, पण कॅलेंडर नातीकडून लिहून घेतात. सभेत मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते, तेव्हा त्या नातीला जवळ बसवून त्या महिन्याचे पान समोर धरतात. मागच्या जानेवारीत वाचन संपताच त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हातपंपाचं राह्यलं की तुमच्या कागदात. आमच्या कागदात हाय.” तो विषय पुन्हा नोंदवून घ्यावा लागला.